कुत्र्याचा पट्टा, कोंबड्यांचं यंत्र आणि माझी सही

लातूरला गंजगोलाईजवळ माझं पशुखाद्याचं दुकान आहे. औशाकडच्या एका गिऱ्हाईकाचं कारवानी कुत्रं हायवेवर गाडीखाली गेलं. तेव्हापासून ते मागे लागले होते, "कुत्रं आवाराबाहेर जाऊ नये असं काहीतरी मागवून द्या." तसं यंत्र मिळतं. आवाराच्या कडेने वायर पुरायची, ती घरातल्या ट्रान्समीटरला जोडायची, कुत्र्याच्या गळ्यात रिसीव्हरवाला पट्टा घालायचा. कुत्रं वायरीजवळ गेलं की पट्टा आधी वाजतो, तरीही पुढं गेलं तर हलका झटका देतो. शेतघरं वाढलीत, गिऱ्हाईक आहे, असा हिशोब करून मी चीनमधून २०० संच मागवायचं ठरवलं. डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर ५०० रुपये भरून आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा क्रमांक, काढला. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

माल न्हावाशेवा बंदरात उतरणार होता. ओळखीतून नवी मुंबईचा एक माणूस मिळाला. कस्टम्समधून माल सोडवून देणारा, आपल्याकडे सगळे ज्याला सीएचए म्हणतात आणि कायद्यात ज्याला कस्टम्स ब्रोकर म्हणतात, तो आपणच असल्याचं त्याने सांगितलं. फोनवर गोड. "शेठ, तुम्ही लातूरला बसा, माल दुकानात येईल." मला माळेगावच्या यात्रेआधी माल हवा होता, तिथं जनावरांच्या शौकिनांची गर्दी असते. घाईत मी त्याला आयईसी, पॅन, जीएसटीचे कागद पाठवले आणि त्याने मागितले म्हणून सह्या-शिक्के केलेली पाच कोरी लेटरहेडंही कुरिअर केली. दादा म्हणाला होता, "कोऱ्यावर सही करायलास व्हय?" मी म्हणालो, सगळेच देतात.

आता पैशाचं. आकडे गोळाबेरीज करून सांगतो. मालाची किंमत, मूळ सीमाशुल्क आणि त्या शुल्कावरचा १० टक्के समाजकल्याण अधिभार मिळून साडेसहा लाख झाले. यावर आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) १८ टक्के, म्हणजे १ लाख १७ हजार. त्याने तेवढेच मागितले. सगळं शुल्क मी त्याच्या खात्यात टाकलं. बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे काय माल आणला हे कस्टम्सला सांगणाऱ्या कागदाची, पीडीएफ आली, तिच्यात शीर्षक (मालाचा वर्ग ठरवणारे चार आकडे) ८५४३, दर १८ टक्के. माल आला, यात्रेत साठेक संच गेले. मी खूश.

पुढच्या महिन्यात आमच्या सीए मॅडमचा फोन. "भाऊ, तुमच्या टू-बी मध्ये आयातीचा आयजीएसटी ७८ हजारच दिसायलाय. बिल तर १ लाख १७ हजारांचं दिलंत." जीएसटीआर टू-बी म्हणजे आपल्याला वळता करून घेता येणाऱ्या कराचं विवरण; त्यात आयातीची नोंद आपण भरत नाही, ती कस्टम्सच्या यंत्रणेतून थेट येते. त्या माणसाला विचारलं तर म्हणाला, सिस्टिम स्लो आहे, पुढच्या महिन्यात बाकीचे दिसतील. ३९ हजार रुपये हप्त्याने दिसतात, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

मॅडमनी पीडीएफ मोठी करून दाखवली. ८५४३ हे चार आकडे ओळीच्या केसभर खाली बसले होते, आणि त्यांची शाई शेजारच्या आकड्यांपेक्षा जास्त काळी. मी स्वतः आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर, नोंदणी करून खरी बिल ऑफ एंट्री काढली. नंबर तोच, तारीख तीच, पण शीर्षक ८४३६, दर त्या वेळचा १२ टक्के. वर्णन काय? कुक्कुटपालनाचं यंत्र! माझ्याकडून १८ च्या हिशोबाने घेतले, सरकारला १२ च्या हिशोबाने भरले, मधले खिशात.

यात एक गंमत बघा. भरलेला आयजीएसटी मला विक्रीच्या करात वळता होतोच. म्हणजे दर खाली आणून माझा एक रुपया वाचत नव्हता. फायदा फक्त त्याचा, आणि खोटं विधान मात्र माझ्या नावावर. कारण २०११ पासून सीमाशुल्क कायद्यात स्वयंमूल्यांकन आहे. माल कोणत्या शीर्षकात बसतो हे आयातदार सांगतो आणि बिल ऑफ एंट्रीतल्या खरेपणाची हमी कलम ४६ खाली आयातदाराचीच. "एजंटने केलं" हे तिथं उत्तर नाही. जाणूनबुजून खोटं सांगितलं असं ठरलं तर कलम २८ खाली पाच वर्षांपर्यंत मागे जाऊन बुडालेलं शुल्क मागता येतं आणि कलम ११४अ खाली बुडवलेल्या शुल्काइतका दंड लागू शकतो.

रात्रीची लातूर–मुंबई एक्सप्रेस धरली. तिथल्या कस्टम्स अधिकाऱ्यांनी शांतपणे समजावलं. वर्गीकरणाचा पहिला नियम असा की शीर्षकाचे शब्द आणि त्या विभागाच्या, प्रकरणाच्या टिपा बघायच्या. ८४३६ मध्ये शेती, बागकाम, वनीकरण, कुक्कुटपालन, मधमाशीपालन यांची यंत्रं. अंगणातलं कुत्रं यात कुठंच नाही. मी विचारलं, पट्टा आहे म्हणून ४२०१ का नको, त्यात खोगीर, लगाम, कुत्र्याची साखळी येतेच की. ते म्हणाले, ट्रान्समीटर, वायर, पट्टा हा एकत्र विकायचा संच आहे, आणि संचाला त्याचं रूप देणारी वस्तू कोणती हे नियम ३(ब) विचारतो. कातडी पट्टी काढून सुतळी लावली तरी यंत्र चालेल, सर्किट काढलं तर नाही. म्हणून ८५४३, म्हणजे स्वतःचं वेगळं काम असलेली आणि दुसरीकडे नाव नसलेली विद्युत उपकरणं. सुतळीचं उदाहरण माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

नोटीस यायच्या आत मी लेखी कळवून फरकाचे ३९ हजार भरले, वर वार्षिक १५ टक्क्यांनी तीन महिन्यांचं व्याज, चौदाशेच्या वर. तेच ३९ हजार दोनदा गेले.

ज्याचा परवाना वापरला होता त्या फर्ममध्ये गेलो. तिथल्या माणसाच्या गळ्यात जी कार्ड, म्हणजे ब्रोकरच्या कर्मचाऱ्याला कस्टम्सकडून मिळणारं ओळखपत्र, होतं. म्हणाला, तो आमचा कर्मचारी नाही, फक्त कामं आणून देतो. मला आधी कळायला हवं होतं: काम घेणाऱ्याला परवाना क्रमांक आणि कार्ड मागा, अधिकारपत्र परवानाधारकाच्याच नावे एका खेपेपुरतं द्या, शुल्क आइसगेटवर आपल्या खात्यातून भरा, आणि बिल ऑफ एंट्री व्हॉट्सॲपवरून न घेता स्वतः उतरवा. वर्गीकरणाची शंकाच असेल तर मुंबईच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे १० हजार रुपये शुल्क भरून आधीच विचारता येतं. माझ्या ३९ हजारांपुढे ते स्वस्त.

सीमाशुल्क आयुक्तांकडे २०१८ च्या ब्रोकर नियमांखाली तक्रार दिली आहे, पोलिसांतही अर्ज दिला आहे. त्या माणसाचा फोन बंद आहे. कागदपत्रांत माझी दोन लेटरहेडं सापडली: एक अधिकारपत्र, एक "माल कोंबड्यांच्या फार्मसाठी" असं पत्र, खाली माझी खरी सही. पाच दिली होती. लेटरहेड बदललं, बँकेत सही बदलली. ती तीन अजून त्याच्याकडेच आहेत.