मुका मार आणि दोन-दोन काने : नऊ महिने मण्यांची दोरी वापरल्यानंतर

डोक्याला मार लागल्यानंतर मला जवळची अक्षरं दोन-दोन दिसायला लागली, त्यावरचं साधन काय ते आधी सांगते. 3 मीटर पांढरी सुती दोरी आणि तिच्यात ओवलेले तीन लाकडी मणी : लाल, पिवळा, हिरवा. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं बोटाने नाकाच्या शेंड्यावर धरायचं आणि एकेका मण्याकडे बघायचं. हिला ब्रॉक स्ट्रिंग म्हणतात. फ्रेडरिक ब्रॉक या मूळच्या स्विस दृष्टितज्ज्ञाच्या नावावरून ते नाव पडलं. तयार दोरी विकत मिळते, पण माझे मणी वहिनीने तुळशीबागेतून आणले आणि दोरी घरातच सापडली. खर्च 60 रुपये. या दोरीबरोबर मी टोपीला बांधलेला एक छोटा लेझरही वापरते, त्याबद्दल पुढे येईलच. नऊ महिन्यांत उशी, कॉलर, दोन प्रकारचे चष्मे असं बरंच काही घेऊन झालं. त्यातली ही दोन साधनं आजही रोज हातात असतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

गेल्या जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या दिवशी, माझी स्कूटर घसरली. हेल्मेट होतं, रक्त आलं नाही, शुद्ध हरपली नाही. दोन उलट्या झाल्या म्हणून सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल आला. कागदावर ‘कन्कशन’ लिहून मला घरी पाठवलं. आई म्हणाली, “मुका मार आहे, मुका मार उशिरा बोलतो.” तिचं म्हणणं खरं ठरलं. कन्कशनमध्ये मेंदू कवटीच्या आत हिसका खातो आणि त्याच्या पेशींचं कामकाज बिघडतं. ते बिघडलेलं कामकाज सीटीत दिसत नाही. सीटी रक्तस्राव आणि हाड मोडणं दाखवतो. ‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा अर्थ तेवढाच असतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर पुढचे दोन महिने मी स्वतःवर शंका घेतली नसती.

माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा. जुलैच्या शेवटापासून दिवाळी अंकांची प्रुफं सुरू होतात आणि वर्षाची निम्मी कमाई त्या तीन महिन्यांत होते. ऑगस्टमध्ये पहिली गॅली, म्हणजे प्रुफाचा लांब कागद, समोर घेतली आणि दहाव्या ओळीला अक्षरं एकमेकांवर चढायला लागली. ‘कि’ आणि ‘की’ यांतला फरक कळेना. वेलांटी डावीकडे की उजवीकडे, हेच ठरेना, कारण उभी रेघ दोन्हीकडे दिसायची. डाव्या डोळ्याच्या मागे खुपल्यासारखं व्हायचं आणि कवटीच्या तळाशी मान दगडासारखी आवळायची. अर्ध्या तासात मळमळ.

पहिल्या नेत्रतपासणीत नजर उत्तम निघाली, सहा बाय सहा. मानेसाठी गेले तिथे एक्स-रे ठीक निघाला, मऊ कॉलर आणि शेक सांगितला. डोकेदुखीसाठी गोळ्या, आणि महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहा असा सल्ला. मी तो इमानाने पाळला आणि त्या महिन्यात माझी तब्येत सगळ्यांत जास्त ढासळली. पुढे कळलं की क्रीडाक्षेत्रातल्या डोक्याच्या दुखापतींवर 2022 साली अ‍ॅमस्टरडॅमला तज्ज्ञांची जी परिषद झाली, तिचा सल्ला फार वेगळा आहे : पहिले 24 ते 48 तास सावकाश घ्या, मग त्रास थोडासाच वाढेल इतपत चालणं-फिरणं सुरू करा. माझा तो महिना वाया गेला याचं मला आजही वाईट वाटतं.

सप्टेंबरमध्ये एका ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे दृष्टी तपासणाऱ्या, बाईंनी मला असा प्रश्न विचारला जो आधी कुणीच विचारला नव्हता. “शिरोरेषा एकच दिसते ना? आणि काना दोन?” मी गप्पच झाले. खरंच तसं होतं. आडवी रेघ शाबूत, उभ्या रेघा दुप्पट. एक डोळा झाकला की काना एक. जवळचं बघताना दोन्ही डोळे मिळून आत वळावे लागतात. माझे डोळे तेवढे आत वळत नव्हते, त्यामुळे दोन चित्रं एकमेकांपासून बाजूला सरकत होती. बाजूला सरकलेली आडवी रेघ स्वतःवरच पसरते, उभी रेघ मात्र दोन होते. त्यांनी पेनचं टोक माझ्या नाकाकडे आणत नेलं. साधारण 6 सेंटिमीटरपर्यंत ते एकच दिसायला हवं. मला 19 सेंटिमीटरवरच दोन पेनं दिसली. प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे नीटच बघत होता, म्हणून आधीच्या तपासणीत काही सापडलं नव्हतं.

त्यांनीच मला मानेसाठी एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं आणि दोघींनी आपसात फोनवर बोलून व्यायाम ठरवले. माझ्या मते माझं बरं होणं त्या फोनपासून सुरू झालं. आतापर्यंत मान एका दारात आणि डोळे दुसऱ्या दारात जात होते.

हा संबंध कसा आहे ते फिजिओने माझ्याच हाताने दाखवलं. दोन्ही हातांची बोटं कवटीच्या तळाशी, केस संपतात तिथे ठेवा. डोकं हलवू नका, फक्त डोळे डावी-उजवीकडे फिरवा. बोटांखाली बारीक थरथर जाणवते. तिथे दोन्ही बाजूंना चार-चार छोटे स्नायू असतात आणि डोकं नेमकं कुठे आहे याची खबर मेंदूला देणं हे त्यांचं मोठं काम. डोळे, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा आणि हे स्नायू, तिघांची खबर जुळली की जग स्थिर दिसतं. हिसक्याने मान दुखावली की तिची खबर चुकीची जाते आणि डोळे तिच्यावर विसंबून चुकतात. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या वेदना आणि चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या (ट्रायजेमिनल) मज्जातंतूच्या वेदना मेंदूच्या देठात एकाच ठिकाणी पोचतात, म्हणून मानेतलं दुखणं डोळ्यामागे जाणवतं. हे ऐकल्यावर माझ्या डोळ्यामागचं खुपणं मला पहिल्यांदा समजलं.

आता दोरी. पिवळ्या मण्याकडे बघितलं की एकाच्या दोन दोऱ्या दिसतात आणि त्या मण्यापाशी फुली मारतात. हे दिसणं बरोबर आहे, घाबरू नका. फुली मण्याच्या पलीकडे पडली तर डोळे कमी वळताहेत, अलीकडे पडली तर जास्त. एकच दोरी दिसली तर एका डोळ्याची खबर मेंदू सोडून देतो आहे. म्हणजे डोळे काय करताहेत हे आपलं आपल्याला क्षणात कळतं, आणि ही गोष्ट मला दुसऱ्या कुठल्याही साधनात मिळाली नाही. पहिल्या आठवड्यात जवळच्या लाल मण्यावर माझी फुली बसायचीच नाही, मणीच दोन व्हायचे. रोज दोनदा, 3 मिनिटं, एवढंच सांगितलं होतं. मी हौसेने 10 मिनिटं केलं आणि दोन दिवस डोकं धरून बसले. त्यानंतर घड्याळ लावूनच केलं.

पेन्सिल नाकाकडे आणायचा साधा व्यायाम का नको, असं मी विचारलं होतं. बाईंनी 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाचं सांगितलं. 9 ते 17 वयाच्या 221 मुलांवर 12 आठवडे केलेला. त्यात दर आठवड्याला दवाखान्यात येऊन केलेले व्यायाम, जोडीला घरचा सराव, हे घरी नुसती पेन्सिल बघण्यापेक्षा बरेच सरस ठरले. ती मुलं होती आणि त्यांच्या डोक्याला मार लागलेला नव्हता, हेही त्यांनी लगेच सांगितलं. म्हणून माझाही अनुभव असाच वाचा : दोरी घरी, पण आठवड्यातून एकदा तपासणीला जाऊन. 14 फेऱ्या झाल्या आणि खरा खर्च त्यांचाच आहे.

लेझरचं काम मानेसाठी. जुन्या टोपीला पुढे छोटा लेझर पॉइंटर बांधला, भिंतीवर लक्ष्याचा कागद चिकटवला आणि 90 सेंटिमीटरवर खुर्ची ठेवली. ठिपका मधोमध आणायचा, डोळे मिटायचे, मान डावीकडे वळवायची, परत सरळ आणायची आणि डोळे उघडून बघायचं. ठिपका केंद्रापासून साधारण 7 सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साडेचार अंशांपेक्षा लांब पडत असेल तर मानेची जाण बिघडली आहे असं धरतात. माझा ठिपका डावीकडून परतताना 13 सेंटिमीटरवर पडायचा, आणि मला मात्र खात्री असायची की मी अगदी सरळ बघते आहे. त्या दिवशी कोपऱ्यातून वळताना खांदा चौकटीला का आपटतो ते कळलं. घरात लहान मूल किंवा आरसा समोर असेल तर हा लेझर वापरू नका, डोळ्यांत जाता कामा नये.

जोडीला मानेच्या आतल्या स्नायूंसाठी उताणं पडून हलकेच, जेमतेम होकार दिल्यासारखी हनुवटी आत घ्यायची, 10 सेकंद धरायची. आणि अंगठ्यावर नजर रोखून डोकं डावी-उजवीकडे हलवायचं. हा शेवटचा व्यायाम पहिले तीन आठवडे मला नकोसा वाटायचा, पण अंगठ्याचं नख स्पष्ट दिसत राहायला लागलं तसं बाजारात फिरणं जमायला लागलं. मान आणि तोल यांचे व्यायाम एकत्र केल्याचा एक छोटा अभ्यास 2014 साली कॅनडातल्या कॅलगरीहून आला आहे. त्यातल्या उपचार मिळालेल्या 15 पैकी 11 जणांना 8 आठवड्यांत पूर्ववत खेळायला परवानगी मिळाली, दुसऱ्या गटात 14 पैकी एकालाच. छोटा असला तरी त्याने मला धीर दिला.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. मऊ कॉलरने मला नुकसान झालं, मान आणखी घाबरट झाली. महागडी खाचेची उशी महिनाभर वापरली आणि सोडली, घडी घातलेला टॉवेल मानेखाली तितकाच बरा. गुलाबी काचेचा चष्मा, एफएल-41 नावाची छटा असलेला, ट्यूबलाइटखाली खरोखर सुखाचा वाटतो, कारण तो डोळ्यांना सगळ्यांत जास्त टोचणारा निळा-हिरवा प्रकाश अडवतो. फक्त घरभर, दिवसभर तो घालायची सवय लावू नका, मला उघड्या प्रकाशाचा जास्तच त्रास व्हायला लागला होता. प्रिझमच्या, म्हणजे प्रकाश वाकवून दोन चित्रं जुळवणाऱ्या, काचांनी काने पहिल्याच दिवशी एक झाले आणि मला रडू आलं. दोन दिवाळी अंक त्यांच्याच जोरावर निघाले. पण चष्मा काढला की काने पुन्हा दोन, म्हणून दोरी चालूच ठेवली आणि जानेवारीत ऑप्टोमेट्रिस्टच्या सल्ल्याने प्रिझम उतरवले.

एक गोष्ट ठासून सांगते. डोक्याला मार लागल्यावर डोकेदुखी वाढतच गेली, उलट्या थांबेनात, झापड येऊ लागली, एक बाहुली मोठी दिसू लागली, हातपाय लुळे पडले किंवा बोलणं अडखळू लागलं तर दोरी-बिरी काही नाही, तडक रुग्णालय गाठा. मानेचे व्यायामही कुणीतरी मान तपासल्याशिवाय सुरू करू नका.

आजची स्थिती. पेनचं टोक 8 सेंटिमीटरपर्यंत एक दिसतं. लेझरचा ठिपका 5 सेंटिमीटरच्या आत पडतो, थकले की 6. कागदावर 40 मिनिटं सलग वाचते, पडद्यावर 25, मग उठून खिडकीशी 10 मिनिटं. रात्री झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी काने पुन्हा हलतात आणि पाऊस असेल तर स्कूटर काढत नाही. गेल्या आठवड्यात भर दुपारी तुळशीबागेत गेले. डिसेंबरमध्ये तिथल्या लोंबणाऱ्या माळा आणि हलणारी गर्दी बघून तोंडावरूनच परतले होते. या वेळी आत गेले, हिरवा मणी तडकला होता तो नवा घेतला आणि वहिनीसाठी बांगड्याही. एका संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकाचे पाच फर्मे (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचे संच) घ्याल का, असं विचारलंय. मी दोन घेईन असं कळवलंय.