डॉकर डेस्कटॉप की पॉडमन : आपल्या मशीनवर काय बसवावं?

डॉकर डेस्कटॉप आणि पॉडमन हे दोन्ही कंटेनर चालवणारे प्रोग्राम आहेत. कंटेनर म्हणजे एखादा प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं, बाकीच्यांपासून वेगळं ठेवलेलं खोकं. लिनक्स वापरत असाल तर निर्णय सोपा आहे. डॉकर डेस्कटॉपच्या वाटेला जाऊ नका. कंटेनरला लिनक्सचा कर्नेल (सिस्टमचा गाभा) लागतो आणि तो तुमच्याकडे आहेच. तरीही डॉकर डेस्कटॉप लिनक्सवरसुद्धा स्वतःचं वेगळं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत आभासी कॉम्प्युटर, उभं करतं. नुसतं डॉकर इंजिन (डॉकरचा कंटेनर चालवणारा मूळ भाग) किंवा पॉडमन बसवलं की भागतं. या दोघांत मी पॉडमनकडे झुकतो. डॉकरचा डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, एरवी रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या युजरच्या) अधिकाराने चालतो, आणि ‘डॉकर’ ग्रुपमध्ये घातलेल्या माणसाच्या हाती जवळपास रूटचेच अधिकार येतात. पॉडमनला असा कायम चालणारा डीमन लागत नाही. साध्या युजरच्या अधिकारात तो कंटेनर चालवतो. मात्र त्यामुळे १०२४ च्या खालचे पोर्ट (नेटवर्कवरून प्रोग्रामशी जोडण्याचे क्रमांक), जसे वेबसाठीचे ८० किंवा ४४३, सेटिंग बदलल्याशिवाय मिळत नाहीत.

विंडोज आणि मॅकवर खरी तुलना सुरू होते. तिथे दोघांनाही आतमध्ये लिनक्स चालवावंच लागतं : विंडोजवर बहुधा डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय), मॅकवर व्हर्च्युअल मशीन. रूटचा वरचा मुद्दा त्यामुळे इथे तितका धारदार राहत नाही. डॉकर डेस्कटॉप हे मशीन स्वतःच उभं करतं आणि कंपोजही, म्हणजे एका फाइलवरून अनेक कंटेनर एकत्र चालवणारं साधनही, सोबत देतं. पॉडमनमध्ये त्यासाठी आधी ‘मशीन इनिट’, मग ‘मशीन स्टार्ट’ अशा कमांड द्याव्या लागतात. पॉडमन डेस्कटॉप घेतलं तर हेच बटणांवर होतं. पण ‘पॉडमन कंपोज’ प्रत्यक्ष काम दुसऱ्या प्रोग्रामकडे सोपवतो, तो वेगळा बसवावा लागतो. टीमच्या जुन्या कंपोज फाइल्स मोठ्या असतील, तर डॉकर डेस्कटॉप कमी त्रास देईल.

मग परवान्याचं बघा. २०२१ मध्ये नियम बदलले. २५० पेक्षा जास्त कर्मचारी किंवा वर्षाला १ कोटी डॉलरहून जास्त उत्पन्न, यांतलं एक जरी लागू झालं तरी कंपनीला डॉकर डेस्कटॉपची वर्गणी भरावी लागते. वैयक्तिक वापर आणि शिक्षणासाठी ते फुकट आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर बसवण्याआधी हे विचाराच. पॉडमन सगळ्यांनाच मोफत आहे.

डिस्कच्या बाबतीत दोघेही सारखेच खादाड. ‘सिस्टम डीएफ’ या कमांडने जागा कुठे गेली ते दिसतं, ‘सिस्टम प्रून’ने ती साफ होते. पण प्रूनला व्हॉल्यूम्सचा (कंटेनरचा डेटा साठवण्याच्या जागांचा) पर्याय जोडताना जपा : पॉडमन त्या वेळी कोणत्याच कंटेनरला न जोडलेले सगळे व्हॉल्यूम उडवतो, नाव दिलेलेसुद्धा. थांबवून ठेवलेला डेटाबेसचा कंटेनर प्रूनमध्ये गेला, की त्याचा डेटाही मागोमाग जाऊ शकतो. विंडोजवर आणखी एक : कोड सी ड्राइव्हवर न ठेवता डब्ल्यूएसएलच्या आतल्या फाइल सिस्टमवर ठेवा, वेगात मोठा फरक पडतो.

एकाकडून दुसऱ्याकडे जाणार असाल तर इमेज (ज्यांवरून कंटेनर बनतात ते साचे) पुन्हा ओढता येतात, व्हॉल्यूममधला डेटा मात्र आपोआप येत नाही. डॉकर डेस्कटॉप काढून टाकलं की त्यातले कंटेनर, इमेज आणि व्हॉल्यूम सगळेच जातात. म्हणून डेटाबेसचा डम्प, म्हणजे सगळ्या डेटाची फाइलमधली प्रत, आधी बाहेर काढा, तो नव्या ठिकाणी उघडतोय हे तपासा, आणि नंतरच अनइन्स्टॉल करा.