जपानी रेड वाईन घ्यायचीय: बेली ए वाला ब्लेंड की मर्लो वाला?

टोकियोत यकितोरीच्या (काडीला लावून भाजलेल्या चिकनच्या) दुकानात बसलं की पहिला प्रश्न असतो, तारे की शिओ? तारे म्हणजे सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू) आणि साखर आटवून केलेला गोडसर रस, शिओ म्हणजे नुसतं मीठ. माझं ठाम मत झालंय की वाईनसुद्धा याच प्रश्नावर निवडावी, चिकन आहे की बीफ हे नंतर बघा.

वाईनच्या दुकानात साधारण दोन तऱ्हेचे ब्लेंड, म्हणजे वेगवेगळ्या द्राक्षांच्या मिश्रणाच्या वाईन, दिसतात. एकात मस्कट बेली ए (थोडक्यात बेली ए) ही जपानी द्राक्षाची जात मुख्य आणि जोडीला ब्लॅक क्वीन ही दुसरी जपानी जात किंवा थोडी मर्लो, दुसरा मर्लो-कॅबर्ने या फ्रेंच द्राक्षांचा, फ्रान्समधल्या बोर्दोच्या वळणाचा, जपानच्या नागानो प्रांताकडचा.

बेली ए वाल्यावर माझा जीव आहे, आधीच सांगते. जपानच्या नीगाता प्रांताचे कावाकामी झेनबेई हे जमीनदार, त्यांनी 1890 मध्ये इवानोहाराला बाग लावली आणि 1927 मध्ये बेली आणि मस्कट हॅम्बर्ग या द्राक्षांचा संकर करून ही जात काढली, कारण जपानात जूनमध्ये पावसाची झड आणि सप्टेंबरात टायफून, त्यात युरोपातली नाजूक द्राक्षं टिकायची नाहीत (आपल्या नाशिकच्या बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको). ग्लास नाकाशी नेला की आधी पिकलेली स्ट्रॉबेरी, मग गोळीसारखा गोड वास, आणि प्यायला मात्र गोड नाही, हलकी, घशाला कोरड पडत नाही. रंग आणि आंबटपणा थोडा कमी पडतो, तिथे ब्लॅक क्वीन कामाला येते, ती जातही झेनबेईंचीच, गडद आणि चांगली आंबट. नुसत्या बेली एपेक्षा हा ब्लेंड जेवणात जास्त तग धरतो.

मर्लो-कॅबर्ने वेगळ्याच घरची. नागानोत शिओजिरीजवळ किक्योगाहारा म्हणून पठार आहे, 700 मीटरच्या आसपास उंची, रात्री गार, तिथली मर्लो खरंच भारी होते, मर्सियन या जपानी वाईन कंपनीच्या 1985 च्या तिथल्या मर्लोला 1989 मध्ये युरोपात ल्युब्लियानाच्या स्पर्धेत ग्रँड गोल्ड मिळालं होतं. बेली ए पेक्षा दाट, तुरट, आणि बहुतेक वेळा महागही.

आता जेवण. तारे लावलेली चिकनची तंगडी, कडा किंचित करपलेल्या, त्यावर बेली ए चा घोट घ्या, सॉसचा गोडवा आणि स्ट्रॉबेरीचा वास एकमेकांत मिसळून जातात. सुकियाकी (गोड सोया रसात शिजवलेलं बीफ), उनागी (गोड सॉस लावून भाजलेला ईल मासा), निकुजागा (मांस-बटाट्याची गोडसर भाजी), सॉस घातलेलं तोनकात्सु (तळलेलं पोर्क कटलेट), सगळ्याला हीच. सुकियाकीबरोबर मी एकदा मर्लो उघडली होती, त्या साखर-सोयापुढे वाईन नुसती कडवट आणि तुरट लागली, चांगली बॉटल वाया गेल्याचं फार वाईट वाटलं. तीच मर्लो मीठ आणि वासाबी लावलेल्या बीफ स्टेकबरोबर, किंवा डेमीग्लास (दाट तपकिरी मांसाच्या रसाचा) सॉस घातलेल्या हॅम्बर्गबरोबर (जपानी खिम्याच्या कटलेटबरोबर) घ्या, चरबीमुळे तुरटपणा मऊ होतो आणि मग कळतं लोक तिच्यासाठी इतके पैसे का देतात. बटरवर परतलेली शिताके मशरूम पण मस्त.

साशिमीबरोबर (कच्च्या माशाच्या कापांबरोबर) दोन्ही नको. रेड घेतली की माशाचा वास उग्र का होतो हे मर्सियनच्याच संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं, वाईनमधलं लोह त्याला कारण असतं.

घरी आपलं जेवण असेल तर? दाण्याचं कूट, गोडा मसाला आणि गूळ घातलेली भरली वांगी, यांना बेली ए इतकी जुळते की मी आता दुसरी काही उघडतच नाही. तिखट मटण रश्शाला पण तीच, गार करून, कारण तिखटावर तुरट वाईन घेतली की तोंडात आगच होते.

विकत घेताना लेबलवर 'निहोन वाईन' लिहिलंय ना ते बघा. ऑक्टोबर 2018 पासून हे शब्द फक्त जपानात पिकलेल्या द्राक्षांच्या आणि तिथेच बनलेल्या वाईनवर लिहिता येतात, नुसतं जपानात बनवलेलं म्हटलं तर आत बाहेरून आणलेला रसही असू शकतो.

पहिलीच बॉटल असेल आणि बरोबर काय खायचं हे ठरलं नसेल तर डोळे झाकून बेली ए-ब्लॅक क्वीन घ्या, प्यायच्या आधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. मर्लो मात्र एवढी गार करू नका, ओतून थोडा वेळ ग्लासात तशीच राहू द्या, तोवर स्टेक तव्यावर टाका.