डोळ्याच्या आतलं पाणी तपासणारं क्लिनिक : ४ तारे

डावा डोळा सारखा लाल, उजेड सहन होईना, सुईत दोरा ओवायचा म्हणजे वैताग. शिवणकामावर पोट आहे माझं. गावात स्टिरॉइडचे थेंब मिळाले. थेंब सुरू की बरं, बंद केले की पुन्हा तेच. म्हणून पुण्यातल्या या युव्हिआयटिस (म्हणजे डोळ्याच्या आतली सूज) क्लिनिकला आले.

मॅडमनी आधी डोळ्याचं प्रेशर पाहिलं, ते चढलेलं. म्हणाल्या, "ताई, सूज आहे खरी, पण आत कोण बसलंय ते बघू. टीबी असेल, नागिणीचा विषाणू असेल." थेंबांनी डोळा बधिर करून बारीक सुईने बुबुळाच्या भागातलं पाणी काढलं, जेमतेम ०.१ मिली. दुखलं नाही, पण सुई कडेने येताना दिसते हे कुणी आधी सांगत नाही! पीसीआर म्हणजे जंतूचा अंश शोधणारी तपासणी, तिच्यात सीएमव्ही नावाचा विषाणू निघाला. नुसत्या स्टिरॉइडने सूज दबते, विषाणू मोकाटच राहतो. आता गॅनसायक्लोव्हिर या विषाणूवरच्या औषधाचं जेल चालू आहे, प्रेशर उतरलंय.

इतक्या थोड्या पाण्यात जंतू सापडेलच असं नाही, हे मॅडमनी आधीच बजावलं होतं, ते आवडलं. तपासणी महाग आहे. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, सोबत कुणीतरी न्याच. एक तारा कापला तो रिसेप्शनवरच्या मुलासाठी. नंबर पुकारतो की पुटपुटतो, कळत नाही.