अंगण, देवस्थानाचे सभागृह की रेस्तराँ? घरी शिकलेल्या मुलाचा बारावीचा सोहळा गोव्यात कोठे करावा

शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या निरोप समारंभाची तारीख, जागा, पाहुण्यांची यादी आणि बटाटवड्यांची संख्या शाळाच ठरवते. पालकांनी फक्त वेळेवर पोचायचे असते. घरी शिकून मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्या मुलाच्या वाट्याला यांतले काहीच आयते येत नाही. त्यामुळे त्याच्यासाठी काही करायचे म्हटले की पहिल्या पंधरा मिनिटांतच घरात मतभेद सुरू होतात : अंगणात माटव (मांडव) घालायचा, फोंड्याकडच्या एखाद्या देवस्थानाचे सभागृह घ्यायचे, की मुले म्हणतात तसे किनाऱ्याकडच्या रेस्तराँत जायचे? आमच्या मुलीच्या वेळी आम्ही हे तिन्ही पर्याय वहीत हिशेब मांडून तपासले. त्यांपैकी दोन इतरांच्या कार्यक्रमांत आधी जवळून पाहिले होते, आणि जो निवडला त्याचे दोषही आता चांगलेच ठाऊक आहेत.

जागेआधी तारखेचा विचार करावा लागतो, कारण मुक्त विद्यालयाचे वेळापत्रक शाळेसारखे नसते. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे आपण ज्याला एनआयओएस म्हणतो त्या मंडळाच्या, सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या महिन्यांत होतात. एकदा नोंदणी झाली की ती पाच वर्षे टिकते, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेला विषय जमा राहतो. ही सोय अभ्यासासाठी उत्तम असली तरी समारंभासाठी अडचणीची आहे. बरीच मुले दोन विषय आता, तीन विषय पुढच्या खेपेला अशी बारावी पूर्ण करतात, त्यामुळे ‘झाले एकदाचे’ म्हणण्याचा दिवस आधी सांगता येत नाही. केंब्रिजची परीक्षा खाजगी उमेदवार म्हणून देणाऱ्यांचीही स्थिती वेगळी नाही. मे-जूनच्या परीक्षेचा निकाल त्यांच्या हाती ऑगस्टमध्ये पडतो.

तेव्हा सोहळा शेवटचा पेपर झाल्यावर करायचा की निकाल लागल्यावर, हा पहिला निर्णय. शेवटच्या पेपरनंतर, म्हणजे मेअखेर केला तर मुंबई-बेळगावचे नातेवाईक सुटीसाठी आलेले असतात, फणस-आंबे घरात असतात आणि पाऊस अजून आलेला नसतो. पण लग्नसराई असल्याने सभागृहे मिळत नाहीत, आचारी तर त्याहून नाहीत. एप्रिल-मेच्या परीक्षेचा निकाल साधारणपणे जून-जुलैत लागतो आणि तेव्हा गोव्यात ताडपत्रीखालीही कोरडे राहण्याची खात्री नसते. मात्र आषाढी एकादशीनंतर चातुर्मास सुरू होऊन मुहूर्त थांबतात आणि जी सभागृहे एप्रिलमध्ये फोनही उचलत नाहीत त्यांचे कारकून स्वतःहून तारखा सुचवू लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरला परीक्षा देणाऱ्यांना जानेवारीची हवा मिळते, पण त्याच दिवसांत देवस्थानांच्या जत्रा असतात आणि किनारपट्टीवर पर्यटकांची गर्दी असते. माझे मत विचाराल तर निकालाशी सोहळा बांधूच नये. मुलाने काय शिकले हे दाखवण्यासाठी माणसे बोलवायची असतील तर गुणपत्रिकेची वाट पाहण्याचे कारण नाही. एखादा विषय राहिलाच तर पाहुण्यांना त्याचा पत्ता लागण्याची गरज नाही, आणि मुलाच्या डोक्यावरचे ओझेही त्यामुळे निम्मे होते.

दुसरी गोष्ट पाहुण्यांची. जागेचा निर्णय खरे तर तिच्यावरच ठरतो. शाळेतल्या मुलाला एक वर्ग असतो, चाळीस जण एका वयाचे आणि एका गणवेशातले. घरी शिकलेल्या मुलाची माणसे अशी एका रांगेत बसणारी नसतात. आमच्या यादीत तबल्याचे गुरुजी होते, चोडणच्या पक्षी अभयारण्यात तिला पहाटेच्या फेरीला घेऊन जाणारे निवृत्त काका होते, व्हायोलिन शिकवणाऱ्या ख्रिस्ती बाई होत्या, फुटबॉल संघातल्या सहा मुली, गणितात अडली की जिच्याकडे ती धावत जायची ती वाड्यावरची इंजिनिअर ताई, दोन आज्या, आणि रोज सकाळी दारात टोपली उतरवणारी मासळीवालीही. एकूण पंचेचाळीस माणसे, आणि त्यांतली अर्धी एकमेकांना ओळखत नव्हती. जागा अशी हवी की हे लोक आपसूक एकमेकांशी बोलू लागतील. हा निकष लावला की तिन्ही पर्यायांचे गुणदोष फार लवकर उघडे पडतात.

रेस्तराँचा पर्याय मुलांना प्रिय असतो आणि पालकांना सोपा वाटतो, कारण माणशी दर ठरला की स्वयंपाक, भांडी, साफसफाई यांची काळजी उरत नाही. पण किनाऱ्यावरच्या ज्या शॅकचे, म्हणजे झोपडीवजा हंगामी खानावळींचे, चित्र मुलांच्या डोळ्यांसमोर असते ती पावसाळ्याआधी उतरवली जातात आणि पुन्हा ऑक्टोबरच्या सुमारास उभी राहतात, म्हणजे जून-जुलैच्या सोहळ्यासाठी उरते ते बंदिस्त, बारमाही रेस्तराँ. गोव्यात मद्य घेण्याचे किमान वय २१ आहे आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलांचा गट बार असलेल्या ठिकाणी नेताना कोणाच्या पालकांना काय वाटेल, हे आधी विचारून घेणे शहाणपणाचे असते. माझ्या पाहण्यातली मोठी अडचण मात्र वेगळीच आहे. भाच्याच्या वेळी आम्ही उत्तर गोव्यातल्या एका रेस्तराँत कोपऱ्यातली चार टेबले राखून ठेवली होती. त्याच्या गुरुजींनी बोलायला सुरुवात केली आणि पलीकडच्या टेबलावर कोणाच्या तरी वाढदिवसाचे गाणे सुरू झाले. गुरुजी थांबले, हसले आणि खाली बसले. पुन्हा उठले नाहीत. जेवण चविष्ट होते, पण ज्या चार वाक्यांसाठी आम्ही जमलो होतो ती राहून गेली. शिवाय लांब टेबलावर माणूस ज्या खुर्चीत बसतो तिथेच शेवटपर्यंत बसतो, त्यामुळे आज्या आज्यांशी आणि मुली मुलींशी बोलत राहतात. दहा-बारा मित्रमैत्रिणींसाठी रेस्तराँ चांगलेच आहे. ते दुसऱ्या दिवशी स्वतंत्रपणे करावे आणि त्यात आईवडिलांनी बसू नये.

देवस्थानाचे सभागृह हा फोंडा महालातल्या आणि आसपासच्या कुटुंबांना सर्वांत ओळखीचा पर्याय. खुर्च्या, स्वच्छतागृहे, गाड्या लावायला जागा, वीज गेली तर जनरेटर, स्वयंपाकाला वेगळी खोली, हे सारे एका भाड्यात मिळते, आणि जुलैत वीज कधी जाईल याचा भरवसा नसताना जनरेटरची किंमत कळते. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला असलेली बंदी बंद सभागृहाला तशी लागू होत नाही, तेव्हा संध्याकाळचा कार्यक्रम थोडा लांबला तरी बिघडत नाही. मुलाला तबला वाजवायचा असेल, एकांकिकेतला प्रवेश करायचा असेल किंवा पडद्यावर स्वतः काढलेली छायाचित्रे दाखवायची असतील, तर व्यासपीठ आणि ध्वनियंत्रणा असलेली जागा घरच्या अंगणापेक्षा निर्विवाद सरस ठरते.

अडचणी दोन. जेवण अर्थातच शाकाहारी, त्यात केकमध्ये अंडे चालते का हेही कार्यालयात विचारून घ्यावे लागते. ख्रिस्ती पाहुण्यांना संकोच वाटणार नाही ना, हे आपणच आधी बोलून ठेवावे, आणि कार्यक्रम रविवारी सकाळी असेल तर त्यांचे मीस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपेपर्यंत थांबावे. दुसरी अडचण आकाराची. सभागृहे लग्नासाठी बांधलेली असतात. तीनशे खुर्च्यांच्या दालनात पंचेचाळीस माणसे पहिल्या दोन रांगांत बसली की मागचा भाग ओस पडतो आणि प्रत्येक जण हळू आवाजात बोलू लागतो. याला उपाय आहे : खुर्च्या उचलून एका कोपऱ्यात गोल मांडायच्या आणि व्यासपीठ सोडून द्यायचे. पण मग व्यासपीठासाठी भाडे का भरले, हा प्रश्न उरतोच. रवींद्र भवनासारख्या ठिकाणची मोठी प्रेक्षागृहे याच कारणाने एका कुटुंबासाठी विचारात घेऊ नयेत. चार-पाच कुटुंबांनी मिळून मुलांचे सादरीकरण ठेवायचे असेल तरच ती शोभतात. तसा एकत्रित सोहळा केल्यास खर्च वाटला जातो आणि मुलांना आपल्यासारखे दुसरेही आहेत हे दिसते. मात्र प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटे येतात आणि लाजाळू मूल त्यांतली आठ मिनिटे पडद्यामागे काढते.

आम्ही अंगण निवडले. जुन्या घराला राजांगण (घराच्या मधला चौक) आणि बाहेर मोठे बल्कांव (बैठकीची पडवी) असल्याने पाऊस आला तर माणसांना आत घेण्याची सोय होती; फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हा पर्याय नसतो, त्यांच्या सोसायटीचे सभागृह म्हणजे स्वयंपाकघर नसलेले छोटे देवस्थान समजून चालावे. जेवण सकाळच्या न्याहारीसारखे ठेवले : पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, आणलेले उंडे (गोल पाव), पातळ भाजी, मिरची भजी, आणि आजीच्या हट्टाखातर मणगणे, म्हणजे चणाडाळीची खीर. पाटावरच्या पंगतीपेक्षा हातात बशी घेऊन फिरता येणारे पदार्थ बरे पडले, कारण माणसे एका जागी बसली नाहीत.

अंगणाची खरी जमेची बाजू मात्र टेबलाजवळ दिसली. तुळशीवृंदावनाच्या बाजूला एका मोठ्या टेबलावर मुलीने आपल्या पाच वर्षांच्या वह्या उघड्या मांडल्या होत्या : खारफुटीच्या पानांचे दाबलेले नमुने, भरती-ओहोटीच्या नोंदी, फसलेल्या प्रयोगांच्या आकृत्या, पक्ष्यांची यादी. मासळीवाली हात पुसत तिथे आली, पाने उलटत राहिली आणि खंड्याच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, ‘हो आमच्या व्हाळार सदांच येता.’ व्हाळ, म्हणजे ओढा, नेमका कोठे, खंड्या दिसतो कधी, अशी विचारपूस पक्ष्यांच्या काकांनी सुरू केली आणि पुढची वीस मिनिटे ते दोघे आणि मुलगी तिथून हलले नाहीत. सभागृहातही टेबल मांडता येते, नाही असे नाही. पण मासळीवाली तिथे आली असती का, याची मला शंका आहे.

झगा आणि चौकोनी टोपीचा प्रश्नही कोणीतरी काढतोच. अमेरिकेत घरी शिकणाऱ्या मुलाचे पदविकापत्र बहुतेक राज्यांत आईवडीलच देतात आणि ठिकठिकाणच्या पालक संघटना मुलांना झगा-टोपी घालून एकत्र समारंभ करतात, तेव्हा तिथे तो कागद पालकांच्या हातून मुलाच्या हाती जाण्याला अर्थ आहे. आपल्याकडे प्रमाणपत्र मंडळ देते आणि गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये दिसते. मग आईने नाटकी गुंडाळी द्यायची कशाला? शिवाय जूनच्या दमटपणात काळा झगा ज्याला घालावासा वाटतो त्याने एकदा घरातच अर्धा तास घालून पाहावा. आमच्या मुलीने ते नाकारले आणि त्याऐवजी शिकवणाऱ्या प्रत्येकाला नारळ व स्वतः लिहिलेले पत्र दिले. काही मुलांना मात्र झगा हवाच असतो. वर्षानुवर्षे ‘तुझी शाळा कुठली’ या प्रश्नाला उत्तर देऊन थकलेल्या मुलाला एक छायाचित्र हवे असेल तर ते मोडीत काढू नये. भाड्याने आणावा, छायाचित्र घ्यावे, परत करावा.

निवड अशी करता येईल. पाहुणे साठांच्या आत असतील, घराला आडोसा असेल आणि मुलाकडे दाखवण्यासारख्या वस्तू असतील, तर अंगण. मुलाला गायचे-वाजवायचे असेल, वयस्क पाहुणे जास्त असतील किंवा तारीख भर पावसात येत असेल, तर चातुर्मासातले सभागृह, आणि तेही उपलब्ध असलेल्यांपैकी सर्वांत लहान. मुलाला या साऱ्यात काहीच नको असेल, तर त्याचे ऐकून मित्रांबरोबर रेस्तराँत पाठवावे. अंगण निवडणाऱ्याने गाड्यांचा विचार मात्र आधी करावा. आम्ही तो केला नाही, आणि दहा गाड्यांनी वाड्याचा रस्ता अडवल्यामुळे गॅसच्या सिलिंडरची गाडी अर्धा तास वळणावर उभी राहिली. शेजारच्या काकूंना दुसऱ्या दिवशी मणगण्याचा डबा नेऊन द्यावा लागला, तो काही हिशेबाच्या वहीत धरलेला नव्हता.