रिकव्हरी की: छापील प्रत की पासवर्ड मॅनेजर?

डिस्क एन्क्रिप्ट केल्यावर रिकव्हरी कीची (नेहमीच्या मार्गाने डिस्क उघडेनाशी झाली तर ती उघडणाऱ्या लांबलचक संकेताची) प्रत त्याच डिस्कवर ठेवून उपयोग नाही, हे वाचकांना ठाऊक असणारच. प्रश्न उरतो तो ती ठेवायची कुठे, याचा. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणारे ॲप, आणि छापील कागद हे दोन्ही मार्ग मी वापरले आहेत.

मॅनेजरची बाजू लंगडी नाही. तिथली प्रत सहसा गहाळ होत नाही, परक्याच्या नजरेस पडत नाही, आणि संगणक एकाहून अधिक असतील तर नोंदीच्या शीर्षकात बिटलॉकरच्या (विंडोजमधील डिस्क एन्क्रिप्शनच्या) की आयडीची, म्हणजे कीच्या ओळखक्रमांकाची, पहिली आठ अक्षरे लिहून ठेवली की कोणती की कोणत्या डिस्कची, हे लगेच सापडते.

मला जाच झाला तो प्रत्यक्ष की टाइप करताना. ती लागते बहुधा बायोस (संगणक सुरू करणारी मूळ प्रणाली) अपडेट केल्यावर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर, म्हणजे संगणक उघडतच नसताना. साहजिकच मॅनेजर फोनवर उघडावा लागतो. बिटलॉकरची की 48 अंकांची, सहा-सहा अंकांच्या आठ गटांत विभागलेली. दोन-तीन गट टाइप होईपर्यंत फोनची स्क्रीन बंद पडते, ती चालू करावी तर मॅनेजर लॉक झालेला असतो, आणि लांबलचक मास्टर पासवर्ड देऊन परत यावे तोवर आपण कितव्या गटावर होतो, याचा पत्ता नसतो. प्रत्येक गटाला 11 ने भाग जावा अशी रचना असल्याने चुकलेला गट बहुतेक वेळा तिथल्या तिथे पकडला जातो, एवढाच काय तो दिलासा.

कागद कीबोर्डशेजारी ठेवून गटाखाली बोट धरले की काम उरकते. तो भिजू शकतो, कोणाच्या हाती लागू शकतो, हे खरे; पण डिस्क हाताशी नसेल तर त्या अंकांचा कोणालाही उपयोग नाही, त्यामुळे कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवला नाही म्हणजे झाले. छापताना प्रिंटर म्हणून पीडीएफचा पर्याय निवडलेला नाही ना, तेवढे पाहावे, नाहीतर प्रत गुपचूप त्याच डिस्कवर जाऊन बसते. फाइलव्हॉल्टच्या (मॅकमधील डिस्क एन्क्रिप्शनच्या) 24 चिन्हांच्या कीमध्ये अक्षरे आणि अंक मिसळलेले असतात, तेव्हा ती हाताने उतरवून घेण्यापेक्षा छापलेली बरी.

ज्यांचा मुक्काम सतत हलता असतो, त्यांना मॅनेजरच सोयीचा वाटेल, आणि मीही त्यातली नोंद पुसलेली नाही. तरी एकच प्रत ठेवायची झाली, तर मी कागद निवडेन.

लिनक्सवर लक्स (तिथली डिस्क एन्क्रिप्शनची पद्धत) वापरणाऱ्यांचे मात्र कागदावर भागत नाही. डिस्कवरचा हेडर (डिस्क उघडण्यासाठी लागणारी माहिती असलेला सुरुवातीचा भाग) बिघडला, तर पासफ्रेज, म्हणजे डिस्कचा पासवर्ड, बरोबर असूनही डेटा उघडत नाही, म्हणून हेडरचा बॅकअप वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यावा लागतो. शिवाय पासफ्रेज बदलल्यावर तो बॅकअप नव्याने घेऊन जुना नष्ट करावा, कारण जुन्या हेडरमुळे जुना पासफ्रेजही चालू शकतो.