घरच्या बर्गरले कोणता सॉस? दिवाळीपासून जे जे आणलं त्याचा रिव्ह्यू

आमचं गाव हिंगणघाटपासून बरंच आत आहे, इथं बर्गर काही मिळत नाही, अन् हिंगणघाटवरून पार्सल आणा तर घरी येईपर्यंत पाव भिजलेला अन् टिक्की थंडी. म्हणून दिवाळीपासून मी दर रविवारी घरीच करून राहिली. टिक्की पहिल्याच खेपेला जमली, आलूवड्याचं सारण आपल्या हाताले बसलेलंच असते, त्यात मूठभर पोह्याचा चुरा टाकला की तव्यावर फुटत नाही. पाव बेकरीचा गोल. अडलं ते सॉसवर. किराणा दुकानात आता अख्खी एक फळी सॉसचीच असते, सगळ्या बाटल्या लाल-पिवळ्या, अन् घरी आणून खाल्ल्यावर कळते की आपल्या टिक्कीले हे जमतच नाही. बाकीच्यांचे पैसे वाचावे म्हणून लिहून राहिली.

सगळ्यात आधी 'बर्गर स्प्रेड' लिहिलेली एक तयार बाटली आणली होती, कंपनीचं नाव लिहित नाही. लय गोड. आलू आधीच गोडसर, पाव गोडसर, त्यावर अजून हे गोड, लहान्या पोट्ट्याने अर्धा खाल्ला अन् म्हणे, "आई, याच्यावर शेव टाक ना." बरोबर बोलला तो. मटणाच्या नाहीतर चिकनच्या खारट टिक्कीले गोड सॉस खपून जाते, आलूले आंबट अन् तिखट पाहिजे. तेव्हापासून मी प्रत्येक सॉसले एक एक काम देऊन टाकलं, पाव भिजू न देणारा एक, आंबटाचा एक, तिखटाचा एक, अन् ज्याले काम नाही ते घरात आणायचं नाही.

पाव भिजू न देण्याचं काम मेयोनीजचं. मेयोनीज म्हणजे मुळात तेलच, बारीक बारीक थेंब होईपर्यंत फेटलेलं, परदेशात अंड्याच्या पिवळ्या बलकावर बांधतात, आपल्याकडे हिरव्या ठिपक्याचं मिळते त्यात बहुतेक दुधाची पावडर नाहीतर सोया अन् स्टार्च असते. तेल असल्यामुळे भाजलेल्या पावाच्या आतून दोन्हीकडे पातळ लावलं की टमाटरचं पाणी पावात उतरत नाही. वीबा अन् फनफूड्स दोन्ही आणून पाहिले, दोन्हीचं व्हेज मेयो घट्ट अन् कामाचं आहे, जे दुकानात असेल ते घ्या. पण पाकीट लहानच घ्या, फोडलं की फ्रिजमध्येच ठेवावं लागते. आमच्याकडे लाईट जाते म्हणून मी एकदा फोडलेलं पाकीट वर बर्फाच्या कप्प्यात ठेवलं, दुसऱ्या दिवशी काढलं तर वर तेलाचा तवंग अन् खाली फाटलेल्या दुधासारखे गोळे. गोठलं की ते फाटतेच, मग कितीही फेटा, पहिल्यासारखं नाही होत. आता खालच्या कप्प्यात ठेवते अन् आठवड्यात संपवते.

घरी पण होते बरं का. अर्धा कप एकदम थंड दूध, पाऊण ते एक कप रिफाइंड तेल, मीठ, चिमूटभर साखर, अर्धा चमचा मोहरीची पूड, मिक्सरच्या लहान भांड्यात थांबून थांबून फिरवायचं अन् घट्ट व्हायला लागलं की शेवटी लिंबू पिळायचं, लिंबानं अजून आळते. घाण्याचं फल्लीतेल यात नका घेऊ, मी घेतलं होतं, सगळा वास फल्लीचाच येते. मिक्सर गरम होईपर्यंत फिरवलं तर पातळच राहते. अन् हे जास्तीत जास्त दोन दिवस, त्यापुढे नाही.

केचपले मी पाच पैकी तीन देईन. मागचं बारीक अक्षर वाचत जा, जे जिन्नस वजनानं जास्त ते आधी लिहावं लागते असा नियमच आहे, अन् कितीतरी बाटल्यांवर पाणी पहिलं, साखर दुसरी, मग टमाटर. नुसतं 'सॉस' लिहिलेल्या स्वस्त लाल बाटल्यांत तर भोपळा पण असते. घ्यायचाच तर मॅगीचा हॉट अँड स्वीट घ्या, त्यात मिरची असल्यामुळे आलूसोबत बरा लागते. पण तो टिक्कीवर टाका, पावाले लावू नका, दहा मिनिटात पाव लगदा होते.

तिखटासाठी मी शेजवान चटणी आणली, तंदुरी मेयो आणला, अन् शेवटी फिरून आपल्या ठेच्यावरच आली. हिरव्या मिरच्या अन् लसूण तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायचे, मीठ अन् थोडा सांबार (म्हणजे कोथिंबीर) टाकून खलबत्त्यात ठेचायचे, मिक्सरमध्ये नाही, मिक्सरमध्ये पाणी सुटते अन् बिया बारीक होऊन कडवट लागते. चार चमचे मेयोत एक चमचा ठेचा. मेयोचं तेल तिखट धरून ठेवते, आधी जिभेवर गार लागते अन् मग मागून लसणाचा झणका येते. सासूबाई मेयोले "बिनमिठाचं लोणी" म्हणून बाजूले सारत होत्या, ठेचा कालवल्यावर स्वतःच म्हणाल्या, "आता जरा खाण्यासारखं झालं बाई, दे अजून." लाल पाहिजे असेल तर भिवापुरी मिरची भिजवून वाटून टाका, रंग लय सुंदर येते. जवसाची कोरडी चटणी पण मेयोवर भुरभुरवून पाहा, माझी तर आता तीच सवय झाली आहे.

मस्टर्डची पिवळी बाटली इकडे सहजासहजी मिळत नाही, अन् मिळाली तरी महाग. लोणच्याची मोहरीची डाळ घ्या, पूड करा, थंड पाण्यात कालवून दहा मिनिटं झाकून ठेवा. पाणी लागल्यावरच तिचा नाकात जाणारा झणका तयार होते, अन् मग लिंबू नाहीतर व्हिनेगर टाकलं की तो टिकून राहते. गरम पाणी टाकलं तर झणका येतच नाही, नुसती कडू लागते. चिमूटभर वायगावची हळद टाका रंगासाठी. हे अगदी थोडं, टिक्कीवर बोटभर.

आता माझ्या सगळ्यात आवडीचं. शिवरात्रीले कवठं आली तेव्हा चटणी केली होती, कवठाचा गर, गूळ, तिखट, जिरं, मीठ, अन् ती वाटीभर उरली म्हणून रविवारी केचपच्या जागी टिक्कीवर लावली. खरं सांगते, एवढा चांगला बर्गर मी हिंगणघाटलाच काय, नागपूरले पण नाही खाल्ला. कवठाचा आंबटपणा केचपसारखा नुसता जिभेवर राहत नाही, त्याले वास आहे, गूळ आहे, अन् गर घट्ट असल्यामुळे पावही भिजत नाही. खाली ठेचा-मेयो, वर कवठ, मधल्या थरात लिंबात मुरवलेला कांदा. मोठ्या पोट्ट्याने तीन खाल्ले अन् चौथ्यासाठी पाव उरला नव्हता तर नुसती टिक्की त्या चटणीत बुडवून खाल्ली.

म्हणजे दुकानातून एक लहान मेयोचं पाकीट आणा, बाकी सगळं घरात आहे. कवठं आता संपली, पुढच्या रविवारी कैरी किसून गुळात शिजवून पाहणार आहे, पाक किती घट्ट ठेवावा ते कोणी केलं असेल तर सांगा.